लांडोर काय बघते?

मोराच्या पिसाऱ्याकडे बघून कुणाला मळमळेल का? आपल्याकडे मोरपीस कृष्णाच्या माथ्यावर असतं, देव्हाऱ्यात असतं, आणि चौथी-पाचवीतल्या मुलींच्या वहीतही असतं. (त्याला पेन्सिलीची सालं खायला घातली की पिल्लू होतं, ही समजूत माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही पिढीने सोडली नाही.) पण चार्ल्स डार्विनला मळमळत असे. १८६० साली एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने तसं स्पष्ट लिहिलं आहे. आदल्याच वर्षी त्याचा प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला होता. निसर्गात जो तगतो त्याची प्रजा वाढते, म्हणून प्रत्येक अवयव तगण्याच्या कामी येणारा असतो, असं त्याने मांडलं होतं. आणि इथे हा पक्षी! दीड मीटरचं ओझं अंगावर वागवतो, धड उडता येत नाही, कोल्ह्या-बिबट्याला लांबून दिसतो. शिवाय पावसाळा संपला की सगळी पिसं गाळून टाकतो आणि पुढच्या वर्षी नव्याने उगवतो. एवढा खर्च कशासाठी?

मी काही विज्ञानाची शिक्षिका नव्हे. माझं बी.ए. मराठी माध्यमातून, शाळेत विषय इतिहास आणि मराठी. पण निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला आणि लक्षात आलं की या एका पिसाऱ्याचा इतिहास फार गंमतीचा आहे. त्यात पक्षी कमी आणि माणसंच जास्त आहेत. स्त्रीपुरुषांना एकमेकांचं आकर्षण का वाटतं, कोण कुणाला निवडतं, हे प्रश्न हल्ली मासिकांच्या पुरवण्यांतून ‘उत्क्रांतीने सिद्ध झालंय’ असं म्हणून दोन ओळींत निकालात काढले जातात. त्यामागे दीडशे वर्षांचं भांडण आहे, ते सहसा कुणी सांगत नाही.

डार्विनचं उत्तर असं होतं. जगण्याची धडपड ही एक गोष्ट आणि जोडीदार मिळवण्याची धडपड ही दुसरी. दुसरीला त्याने लैंगिक निवड म्हटलं. तिचे त्याने दोन प्रकार पाडले. नरानरांत मारामारी होते आणि जिंकणाऱ्याला मादी मिळते, हा पहिला. सांबराची शिंगं यासाठीच. हे सगळ्यांना लगेच पटलं. दुसरा प्रकार म्हणजे नर नटतो, नाचतो, गातो आणि मादी बघून पसंत करते. पिढ्यानपिढ्या लांडोरींनी देखणा मोर पसंत केला, म्हणून मोर असा झाला. म्हणजे पिसारा लांडोरीच्या आवडीने घडवला! हे मात्र लोकांच्या घशाखाली उतरेना.

इथे थोडं डार्विनच्या स्वतःच्या लग्नाकडे वळते. १८३८ साली, २९ वर्षांचा असताना, त्याने एका कागदाचे दोन भाग करून एका बाजूला लग्न करण्याचे आणि दुसऱ्या बाजूला न करण्याचे मुद्दे लिहिले. तो कागद आजही उपलब्ध आहे. करण्याच्या बाजूला मुलंबाळं, म्हातारपणी सोबत (कुत्र्यापेक्षा बरी, अशी नोंद करून!), घर सांभाळणारं कुणीतरी, गाणं आणि गप्पा. न करण्याच्या बाजूला वेळेचा नाश, संध्याकाळी वाचता न येणं, पुस्तकांना पैसे कमी पडणं, नातेवाइकांकडे जावं लागणं. शेवटी बाजू लग्नाची जड झाली आणि २९ जानेवारी १८३९ रोजी त्याने एम्मा वेजवूडशी लग्न केलं. एम्मा ही त्याच्या आईच्या सख्ख्या भावाची मुलगी. म्हणजे आपल्या भाषेत मामाची मुलगी! दहा मुलं झाली, त्यांतली तीन लहानपणीच गेली. आपल्या नात्यातल्या लग्नामुळे तर मुलं अशक्त निपजली नाहीत ना, ही रुखरुख त्याला जन्मभर होती. १८७० मध्ये त्याने मित्रामार्फत पार्लमेंटपर्यंत खटपट केली, की जनगणनेत चुलत-मावस-मामे भावंडांच्या लग्नांबद्दल एक प्रश्न घालावा. पार्लमेंटने तो फेटाळला.

एम्माच्या बाजूचं काय? लग्न ठरल्यावर तिने मावशीला पत्र लिहिलं. त्यात तिने सांगितलेली कारणं अशी, की हा माणूस अगदी मोकळा आणि पारदर्शक आहे, मनात असेल तेच बोलतो, प्रेमळ आहे आणि मुक्या प्राण्यांशीही मायेने वागतो. त्या वेळी ती तिशीची होती आणि त्याआधी तिने काही मागण्या नाकारलेल्या होत्या. हे लक्षात असू द्या.

१८७१ साली डार्विनने माणसाच्या उत्पत्तीवरचा दोन खंडांचा ग्रंथ काढला. नाव माणसाचं, पण निम्म्याहून अधिक पानं लैंगिक निवडीची. भुंगे, फुलपाखरं, मासे, आणि पक्ष्यांची तर चार प्रकरणं. या ग्रंथाचा मजकूर तपासून भाषा सुधारण्याचं काम त्याने आपली मुलगी हेन्रिएटा हिच्याकडे दिलं होतं. मादी नराला निवडते, या विषयावरची पानंच्या पानं त्या अविवाहित मुलीने वाचली, खुणा केल्या, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपण होऊन पसंत केलेल्या माणसाशी लग्न केलं. त्या काळातल्या किती बापांनी मुलीच्या हातात असं बाड दिलं असतं? आपल्याकडे त्यानंतर छप्पन्न वर्षांनी, १९२७ मध्ये, र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं तर त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले.

मात्र पक्ष्यांवरून माणसावर येताच डार्विन वळण घेतो. माणसात, तो म्हणतो, निवडीचा अधिकार पुरुषाने बळाच्या जोरावर आपल्याकडे घेतला. पुरुष देखण्या बायका निवडतो. आणि याच ग्रंथात पुरुष बुद्धीने स्त्रीपेक्षा वरचढ असल्याचंही त्याने लिहून ठेवलं आहे. चिमणीला आवडनिवड आहे, लांडोरीला सौंदर्यदृष्टी आहे, आणि बाईला? तिचं सौंदर्य बघायचं, तिची दृष्टी नव्हे. एवढा निरीक्षक माणूस, पण दिवाणखान्याच्या भिंती त्यालाही ओलांडता आल्या नाहीत. तरी एक गोष्ट त्याच्या पदरी टाकायला हवी. त्याने जगभरच्या मिशनऱ्यांना, अधिकाऱ्यांना पत्रं धाडून ‘तुमच्याकडे सुंदर कुणाला म्हणतात?’ अशी चौकशी केली आणि सौंदर्याचं एकच माप जगभर नाही, या निष्कर्षावर आला. कुठे दात कानसतात, कुठे ओठ टोचतात. आज ‘सौंदर्याचं वैश्विक सूत्र’ शोधणाऱ्यांनी ही प्रकरणं वाचावीत.

अमेरिकेत अँटोनेट ब्राउन ब्लॅकवेल या बाईंनी १८७५ साली पुस्तक लिहून त्याला उत्तर दिलं. नरांच्या शिंगांची आणि पिसांची मोजदाद केलीत, पण मादीने अंडी घालण्यात, दूध पाजण्यात खर्च केलेली शक्ती तुमच्या हिशेबात कुठेच नाही, हा त्यांचा मुद्दा. पुढे शंभर वर्षांनी विज्ञान याच मुद्द्यापाशी आलं. पण बाई धर्मोपदेशक, प्रयोगशाळेतल्या नव्हेत, म्हणून कुणी दखल घेतली नाही. याच बाईंनी आधी १८६९ मध्ये डार्विनला आपलं एक पुस्तक पाठवलं होतं. त्याने आभाराचं पत्र लिहिलं ते ‘महाशय’ म्हणून. पुस्तक लिहिणारी व्यक्ती बाई असेल हे त्याच्या मनातच आलं नाही.

मादीची निवड न पटणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव आल्फ्रेड रसेल वॉलेसचं. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विनच्या बरोबरीने मांडणारा हा माणूस इथे मात्र हटून बसला. मादी साध्या रंगाची असते कारण तिला घरट्यात लपायचं असतं, आणि नर रंगीत असतो कारण त्याच्या अंगात जोम जास्त, असं तो म्हणे. लांडोरीला एवढी बारीक सौंदर्यदृष्टी असणं त्याला अशक्य वाटे. सेंट जॉर्ज मायव्हर्ट नावाचे आणखी एक टीकाकार होते. त्यांचा आक्षेप असा, की माद्यांची लहर क्षणाक्षणाला बदलणारी, तिच्यातून पिढ्यानपिढ्या एकाच नमुन्याचा पिसारा कसा घडेल? वाचताना हसू येतं. आक्षेप पक्षिणींवर, पण मनात होत्या लंडनच्या बायका.

आणि तोच वॉलेस १८९० साली ‘मानवी निवड’ या नावाचा लेख लिहितो आणि नेमकं उलट सांगतो! समाज न्याय्य झाला, पोटापाण्यासाठी लग्न करण्याची सक्ती बायकांवर उरली नाही, तर त्या आळशी, स्वार्थी, व्यसनी पुरुषांना आपोआप नाकारतील आणि मानवजात सुधारेल. कुणी कुणाशी लग्न करावं हे सरकारने ठरवू नये, ते बाईच्या मोकळ्या मनावर सोपवावं. लांडोरीला नाकारलेला अधिकार त्याने बाईला दिला. डार्विनने बरोबर याच्या उलट केलं होतं.

हे १८९० साल वाचलं आणि मी इतिहासाची शिक्षिका असल्यामुळे माझ्या डोक्यात लगेच मुंबई आली. रखमाबाईंचा खटला तेव्हा नुकताच निवला होता. अकराव्या वर्षी लग्न, नवरा दादाजी भिकाजी. रखमाबाई वडिलांकडेच राहिल्या, शिकल्या आणि मोठ्या झाल्यावर म्हणाल्या, की हे लग्न माझ्या संमतीने झालेलं नाही, मी नांदायला जाणार नाही. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. ‘केसरी’ त्यांच्या विरुद्ध होता. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या, सुरतेला वर्षानुवर्षं काम केलं, पुन्हा लग्न केलं नाही, १९५५ साली वारल्या.

त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे वनस्पतींचे जाणकार. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, त्या मूळ आठ जणांत दोघे भारतीय होते, त्यांतले हे एक. ज्या घरात पानाफुलांचे नमुने येत-जात होते त्याच घरातल्या मुलीने ‘निवड माझी’ असं म्हटलं. यावरून कार्यकारणभाव जोडण्याचा मोह मी आवरते. पण लंडनमध्ये पुरुषमंडळी मादीला निवड करता येते का यावर कागद काळे करत होती, त्याच सुमारास मुंबईच्या हायकोर्टात एक बाई ती करून दाखवत होती, एवढं तर खरं.

यानंतर जवळजवळ पन्नास-साठ वर्षं हा विषय थंड पडला. मधे एकच मोठी भर पडली, ती रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाची, १९१५ आणि १९३० मध्ये. त्याची कल्पना सोपी करून सांगते. समजा काही माद्यांना थोडी लांब शेपटी आवडली. त्यांच्या मुलांना बापाची लांब शेपटी मिळते आणि मुलींना आईची आवड. पुढच्या पिढीत लांब शेपटीही वाढली आणि ती आवडणाऱ्याही वाढल्या. मग आखूड शेपटीवाल्याशी जोडी जमवणाऱ्या मादीचं नुकसान, कारण तिच्या मुलांना कुणी विचारत नाही. अशी दोन्ही एकमेकांना ढकलत सुटतात, ओझं असह्य होईपर्यंत. आपल्याकडच्या लग्नातल्या पंक्तींसारखं. एकाने पाच पक्वान्नं केली की दुसऱ्याला सात करावी लागतात, भूक कुणालाच नसते. फिशर गणितात थोर, पण त्याच ग्रंथाचा मोठा भाग त्याने ‘चांगल्या’ कुळांनी जास्त मुलं काढावीत या सुप्रजननवादी प्रचाराला दिला. वॉलेसने ज्याची भीती घातली होती तेच.

१९४८ मध्ये बेटमन नावाच्या इंग्रज संशोधकाने फळमाश्या बाटल्यांत कोंडून मोजणी केली. नराने जितक्या जास्त माद्यांशी संबंध केला तितकी त्याची संतती वाढते, मादीची तशी वाढत नाही, असं त्याला आढळलं. म्हणून नर उतावळा आणि मादी चोखंदळ. हा लेख चोवीस वर्षं जवळजवळ पडून होता. १९७२ साली रॉबर्ट ट्रिव्हर्सने त्यावर मोठी इमारत उभी केली, की अपत्यासाठी ज्याचा खर्च जास्त तो निवड करताना चोखंदळ, ज्याचा कमी तो स्पर्धेत. ब्लॅकवेलबाईंची आठवण होते ना? यात एक बारकावा आहे आणि तो पुरवणीवाले नेहमी गाळतात. ट्रिव्हर्सचा नियम बाई-पुरुषांचा नाही, खर्चाचा आहे. आपल्या तळ्यांवर दिसणारा कमळपक्षी बघा. पानांवरून चालणारा. त्यांच्यात अंडी नर उबवतो, पिल्लं नर सांभाळतो. मादी आकाराने मोठी, ती इतर माद्यांशी भांडते आणि एकामागून एक नरांकडे अंडी सोपवून पुढे जाते. खर्च ज्याच्याकडे गेला त्याच्याबरोबर स्वभावही गेला.

आणि बेटमनच्या माश्या? २०१२ मध्ये पॅट्रिशिया गोवाटी या बाईंनी सहकाऱ्यांबरोबर तोच प्रयोग त्याच पद्धतीने पुन्हा केला. बेटमनच्या काळी डीएनए तपासणी नव्हती, म्हणून आईबाप ओळखण्यासाठी त्याने व्यंग असलेल्या माश्या वापरल्या होत्या. त्यात दोन्हीकडून व्यंग मिळालेली बरीचशी पिल्लं मोजणीआधीच मरत होती, त्यामुळे हिशेबच कलला होता. ज्या आकड्यांवर अख्ख्या जगाला ‘पुरुष असेच असतात’ हे शिकवलं गेलं, ते आकडे तेवढा भार पेलणारे नव्हते. चौसष्ट वर्षं कुणी फेरतपासणी केली नाही, कारण उत्तर सगळ्यांना आधीच पटलेलं होतं. याचा अर्थ ट्रिव्हर्सचा विचार खोटा ठरला असा नाही, त्याला दुसरे आधार आहेत. पण मी शिक्षिका आहे. उत्तर बरोबर आलं तरी मधली पायरी चुकली असेल तर गुण कापावेच लागतात.

मादी खरोखर निवडते याचा खणखणीत पुरावा १९८२ मध्ये आला. माल्टे अँडरसन या स्वीडिश संशोधकाने केनियातल्या लांब शेपटीच्या विडोबर्ड पक्ष्यांवर प्रयोग केला. नराची शेपटी सुमारे अर्धा मीटर. त्याने काही नरांच्या शेपट्या कापल्या आणि ते तुकडे दुसऱ्यांना डिंकासारख्या पदार्थाने चिकटवले. शेपटी वाढवलेल्या नरांच्या हद्दीत जास्त माद्यांनी घरटी केली. ना मारामारी, ना जोम, फक्त शेपटी. डार्विनच्या ग्रंथानंतर तब्बल एकशे अकरा वर्षांनी! पुढे डीएनए तपासण्या सुरू झाल्या तेव्हा आणखी एक कळलं, की जन्मभर जोडीने राहतात म्हणून आपण ज्यांची उदाहरणं देत होतो त्या पक्ष्यांच्या घरट्यांतली काही पिल्लं भलत्याच नरांची असतात. मादी निमूटपणे दाणे टिपते आहे असं दिसत होतं, पण तिची निवड चालूच होती.

इथे मला आमच्या काळचे दाखवण्याचे कार्यक्रम आठवतात. १९७४ साली मला पहिल्यांदा दाखवली. मुलाकडची सात माणसं. चालून दाखव, वाचून दाखव, स्वयंपाक येतो का? मला कुणी काही विचारलं नाही, ती पद्धतच नव्हती. पण माजघराच्या खिडकीतून मी मुलाला येतानाच पाहिलं होतं. टांगेवाल्याशी आठ आण्यांवरून तो ज्या भाषेत बोलला ते ऐकलं होतं. रात्री मी आजीला एवढंच म्हणाले, “मला नको.” आजीने आत्याला सांगितलं, आत्याने काकांच्या कानात काहीतरी घातलं, आणि आठवड्याने निरोप गेला, ‘पत्रिका जुळत नाही.’ काका शेवटपर्यंत समजत होते की नकार त्यांनी दिला. त्या काळी किती पत्रिका अशा माजघरात जुळल्या आणि मोडल्या याची नोंद कुठल्या बाडात सापडायची नाही. आणि हो, ज्यांना आजीकडे बोलायचीही सोय नव्हती अशाही मैत्रिणी होत्या माझ्या. त्यांचं काय झालं तेही मी पाहिलं आहे.

माणसांबद्दलचं सगळ्यात गाजलेलं सर्वेक्षण डेव्हिड बस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं, १९८९ सालचं. ३३ देशांतले ३७ समाज, १०,०४७ माणसं, भारतातलीही. जोडीदारात काय हवं? बायकांनी पुरुषांपेक्षा कमाईला जास्त महत्त्व दिलं, पुरुषांनी रूपाला आणि कमी वयाला. तेव्हापासून हे ‘बाईला पैसा, पुरुषाला रूप’ असं घासून गुळगुळीत झालं आहे. पण त्याच तक्त्यात स्त्रिया आणि पुरुष दोघांनीही दयाळूपणा आणि समजूतदारपणा कमाई आणि रूप या दोन्हींच्या वर ठेवला होता, हे मात्र कुणी छापत नाही. एम्माचं पत्र आठवा. १९९९ मध्ये ईगली आणि वुड या दोघींनी तेच आकडे पुन्हा मांडून दाखवलं, की ज्या देशांत बायकांना कमाईची संधी जास्त, तिथे हा फरक कमी होतो. २०२० मध्ये ४५ देशांत पुन्हा पाहणी झाली. कमाई आणि रूपाचा फरक बहुतेक ठिकाणी दिसलाच, पण स्त्रीपुरुष समानता जिथे जास्त तिथे नवराबायकोच्या वयातलं अंतर कमी. म्हणजे दोन्ही बाजूंना काहीतरी हाती लागलं आणि भांडण संपलं नाही.

माझी खरी शंका वेगळीच आहे. ही सगळी मंडळी धरून चालतात की तरुण मुलगा आणि तरुण मुलगी समोरासमोर येतात आणि निवडतात. पण इतिहासात असं कितीदा झालं? शिकार करून, कंदमुळं गोळा करून राहणाऱ्या ज्या समाजांचा अभ्यास झाला आहे, त्यांतही लग्न बहुधा आईबाप किंवा जवळचे नातेवाईकच ठरवतात. मग लाखो वर्षांच्या ‘निवडी’ने घडवली ती कुणाची आवड? मुलीची की सासूची? हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही बाईला पहिल्यांदा सुचेल, कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापकांना तो जरा उशिरा सुचला.

एडवर्ड वेस्टरमार्क या फिनलंडच्या विद्वानाने १८९१ मध्ये मांडलेली एक गोष्ट मात्र आपल्या समाजाला लावून बघण्याजोगी आहे. अगदी लहानपणापासून एकत्र वाढलेल्यांना मोठेपणी एकमेकांचं आकर्षण वाटत नाही, असं तो म्हणाला. इस्रायलच्या किबुत्झांत मुलं एकत्र पाळणाघरात वाढत. १९७१ मध्ये २,७६९ लग्नं तपासली, तर एकाच गटात वाढलेल्यांची लग्नं पंधराही निघाली नाहीत. तैवानमध्ये सून तान्ही असतानाच घरात आणून मुलाबरोबर वाढवण्याची रीत होती. त्या जोडप्यांना मुलं कमी झाली आणि काडीमोड जास्त झाले.

आता आपल्याकडचं बघा. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात दाखवलं आहे, की महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधोमध बसतो. कितीतरी जातींत मामाची मुलगी चालते, चुलत बहीण ही मात्र बहीणच. एकत्र कुटुंबात चुलत भावंडं एका ताटात जेवून वाढत, आणि मामाचं गाव सुट्टीपुरतं. वेस्टरमार्क खूश झाला असता! पण थांबा, आत्याची मुलगीही दुसऱ्याच गावात वाढते, आणि ती मात्र अनेक जातींत चालत नाही. मुलगी जिथे दिली तिथून मुलगी आणायची नाही, असा तो हिशेब आहे. तो मानपानाचा, देणाऱ्या-घेणाऱ्या घराण्यांचा आहे, त्यात रक्ताचं काही नाही. दोघी रक्ताने सारख्याच जवळच्या. एका पावलापर्यंत निसर्ग बरोबर येतो आणि पुढच्या पावलाला रीतिरिवाज हात धरतो. नेमकी कुठे अदलाबदल झाली ते दाखवणं फार अवघड, आणि जो सहज दाखवतो त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

पिसाऱ्याचं पुढे काय झालं ते राहिलंच. इंग्लंडमध्ये मॅरियन पेट्री यांनी १९९१ मध्ये दाखवलं, की पिसाऱ्यावर जास्त डोळे असलेल्या मोरांना लांडोरी जास्त पसंत करतात. पाठ्यपुस्तकांत हे लगेच गेलं. मग जपानमध्ये मारिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी सात वर्षं एक कळप पाहिला आणि २००८ मध्ये जाहीर केलं, की आम्हाला असा काही संबंध आढळला नाही. आपल्याकडे तर २०१७ साली राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी मोर ब्रह्मचारी असून लांडोर त्याचे अश्रू पिऊन गाभण राहते असं सांगून सगळा प्रश्नच मिटवून टाकला होता. असो.

शेवटी जेसिका योर्झिन्स्की या संशोधिकेने, २०१३ साली तिचे निष्कर्ष छापून आले, एक साधी गोष्ट केली. तिने बारा लांडोरींच्या डोक्यावर छोटे कॅमेरे बसवले, डोळ्यांची हालचाल टिपणारे. इतकी वर्षं सगळे मोराकडे बघत होते, लांडोर कुठे बघते हे कुणी बघितलंच नव्हतं. आढळलं ते असं. मोर समोर थरथरत नाचत असताना ती एकतृतीयांशाहूनही कमी वेळ त्याच्याकडे बघते. बघते तेव्हाही नजर खालच्या बाजूला, पिसाऱ्याच्या खालच्या कडेवर आणि पायांवर. आपण ज्याचे फोटो काढतो तो वरचा डोळ्यांचा पंखा बहुतेक ती बघतच नाही, गवत उंच असलं आणि खालचं काही दिसेनासं झालं तरच नजर वर जाते. उरलेला वेळ ती आजूबाजूची झाडी न्याहाळत असते, कुणी टपून तर बसलं नाही ना म्हणून.